अवायुजीवी-वायुजीवी संयुक्त प्रक्रिया

अवायुजीवी-वायुजीवी संयुक्त प्रक्रिया ही कारखान्यांच्या सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने विघटन करण्याची एक जैविक पद्धत आहे. या पद्धतीत सांडपाणी प्रथम ऑक्सिजनविरहित बंदिस्त टाकीतून आणि त्यानंतर हवा खेळवलेल्या टाकीतून नेले जाते. ऑक्सिजनाशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना अवायुजीवी, तर ऑक्सिजनावर जगणाऱ्यांना वायुजीवी म्हणतात. कापडरंगाई, मळीपासून अल्कोहोल तयार करणाऱ्या आसवन्या, चर्मोद्योग, औषधनिर्मिती तसेच कागद व लगदा या उद्योगांच्या सांडपाण्यासाठी ही पद्धत वापरतात. भूजलात किंवा नदीच्या गाळात साठलेल्या क्लोरीनयुक्त संयुगांनाही हेच तत्त्व लागू पडते.

दोन टप्पे एकमेकांना जोडण्यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले कारण खर्चाचे आहे. तीव्र सेंद्रिय सांडपाण्याचा बहुतांश भार अवायुजीवी टाकीत कमी विजेत उतरतो व इंधनवायूही मिळतो. दुसरे कारण रासायनिक आहे. काही कृत्रिम संयुगांचे विघटन कोणत्याही एकाच परिस्थितीत पूर्ण होत नाही. त्यांच्यातील पहिला बंध ऑक्सिजनाच्या अभावीच सहज तुटतो आणि त्यातून निघालेले तुकडे मात्र ऑक्सिजन मिळाल्याखेरीज नष्ट होत नाहीत. अशा संयुगांच्या बाबतीत पहिल्या टप्प्यावरच थांबल्यास दिसायला स्वच्छ, परंतु आधीपेक्षा अधिक विषारी पाणी बाहेर पडण्याचा संभव असतो.

तत्त्व

सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थातील इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते दुसऱ्या एखाद्या पदार्थाला देतात आणि या देवघेवीतून ऊर्जा मिळवतात. वायुजीवी जीवाणू हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाला देतात. या व्यवहारात ऊर्जा भरपूर मिळत असल्यामुळे जीवाणू झपाट्याने वाढतात आणि सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचा सुमारे निम्मा भाग नव्या पेशींच्या, म्हणजेच गाळाच्या रूपात शिल्लक राहतो. हा गाळ वाळवणे व त्याची विल्हेवाट लावणे हे वेगळेच काम होऊन बसते. शिवाय हवा पुरवणारे ब्लोअर अहोरात्र चालवावे लागतात आणि त्यांचे वीजबिल हा प्रक्रियेच्या खर्चातील एक मोठा घटक असतो.

अवायुजीवी टाकीत काम साखळीने चालते. काही जीवाणू मोठे रेणू फोडतात, काही त्यांपासून सेंद्रिय आम्ले तयार करतात, काही त्या आम्लांचे ॲसिटिक आम्ल व हायड्रोजन यांत रूपांतर करतात आणि अखेरीस मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. मिथेनजनक हे जीवाणू नसून आर्किया या स्वतंत्र गटातील आहेत; ते सावकाश वाढतात आणि आम्लता व विषारी द्रव्ये यांबाबत नाजूक असतात. या साखळीत ऊर्जेचा मोठा वाटा मिथेनात साठून राहतो, म्हणून पेशींची वाढ थोडी होते. निर्माण होणारा गाळ वायुजीवी प्रक्रियेच्या तुलनेत कितीतरी कमी असतो. रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच सीओडी, एक किलोग्रॅमने कमी झाली की प्रमाण तापमान व दाबाला ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, असे सैद्धांतिक गणित आहे. मात्र अवायुजीवी टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात उरलेले सेंद्रिय पदार्थ, अमोनिया व सल्फाइड असतात. ते दुर्गंधीयुक्त असते आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास नसतो. ते थेट नदीत सोडण्याजोगे नसल्याने पुढे वायुजीवी टप्पा आवश्यक ठरतो.

टप्प्यांचा क्रम समजून घेण्यासाठी संयुगाच्या रचनेकडे पाहावे लागते. बेंझीनसारखे वलय फोडताना वायुजीवी जीवाणू ऑक्सिजनेज या वर्गातील एंझाइमांच्या साहाय्याने वलयात ऑक्सिजनाचे अणू बसवतात. त्यासाठी वलयावर इलेक्ट्रॉनांची विपुलता लागते. क्लोरीन, नायट्रो गट, ॲझो बंध व सल्फोनेट गट हे वलयाकडील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे ऑक्सिजनेजाला तेथे काम करणे कठीण जाते. नेमक्या याच कारणाने क्लोरीन, नायट्रो व ॲझो गटांचे संयुग बाहेरून इलेक्ट्रॉन स्वीकारण्यास, म्हणजेच क्षपणास, अनुकूल असते. अवायुजीवी टाकीत इलेक्ट्रॉन देणारे पुष्कळ असतात आणि ते घ्यायला ऑक्सिजन नसतो. तेव्हा ते प्रदूषकाच्या वाट्याला येतात. क्षपण झाल्यावर नायट्रो व ॲझो गटांच्या जागी अमाइन गट येतो. अमाइन गट वलयाला इलेक्ट्रॉन देणारा असल्यामुळे आधी दुर्भेद्य असलेले वलय आता ऑक्सिजनेजाला सहज फोडता येते. क्रम उलटा केला, म्हणजे हवेची टाकी आधी ठेवली, तर मूळ रेणू तीतून बहुतांशी तसाच पुढे जातो.

इतिहास

अवायुजीवी विघटनाचा उपयोग जुना आहे. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरल्याची नोंद तांत्रिक साहित्यात आढळते. वायुजीवी बाजूस महत्त्वाचा टप्पा १९१४ मध्ये आला. मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी हवा दिल्यावर तयार होणारा गाळ फेकून न देता पुन्हा वापरला असता शुद्धीकरणाचा वेग अनेक पटींनी वाढतो, हे दाखवून दिले. यातून सक्रियित गाळ पद्धत जन्मास आली आणि पुढील अर्धशतक सांडपाणी प्रक्रियेवर तिचेच वर्चस्व राहिले.

सत्तरच्या दशकात तेलसंकटामुळे ऊर्जा महाग झाली, तेव्हा अवायुजीवी पद्धतीकडे पुन्हा लक्ष गेले. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे गात्से लेटिंगा व त्यांचे सहकारी यांनी बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर ऊर्ध्वप्रवाही गाळथर संयंत्र विकसित केले. ते यूएएसबी या नावाने प्रसिद्ध आहे. यात पाणी टाकीच्या तळातून वर चढते आणि वाटेत जीवाणूंच्या दाट, मण्यांसारख्या कणांच्या थरातून जाते. कण जड असल्याने ते वाहून जात नाहीत, वायू वरच्या टोपीत गोळा होतो आणि पाणी कडेच्या पन्हळीतून बाहेर पडते. सावकाश वाढणारे मिथेनजनक टाकीत टिकवून कसे धरावेत, हा जुना प्रश्न या रचनेने सोडवला. लेटिंगा यांना २००९ मध्ये सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार देण्यात आला.

ॲझो रंजकद्रव्ये

संयुक्त प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण कापडरंगाईतील ॲझो रंजकद्रव्यांचे आहे. दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध, म्हणजेच ॲझो बंध, हा या रंगांचा प्राण होय. ज्या डायॲझो विक्रियेतून हे रंग बनतात ती पेटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये शोधली. वापरातील कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग आज या एकाच वर्गात मोडतात. सूर्यप्रकाश, साबण व घाम यांनी रंग उडू नये अशीच त्यांची घडण केलेली असते. कपड्यावर हा गुण ठरतो आणि सांडपाण्यात तोच दोष.

सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांचा काही भाग धाग्याशी न जुळता पाण्याशीच विक्रिया करून बसतो. असा रंग पुन्हा वापरता येत नाही. तो रंगाईच्या व धुलाईच्या पाण्यातून बाहेर पडतो. सल्फोनेट गटांमुळे तो पाण्यात उत्तम विरघळतो, म्हणून गाळाला चिकटून खाली बसत नाही. नेहमीच्या सक्रियित गाळ संयंत्रातून लाल पाणी लालच बाहेर येते, याचे कारण हेच आहे.

अवायुजीवी टाकीत मात्र चित्र पालटते. ॲझो बंधाला दोन टप्प्यांत एकूण चार इलेक्ट्रॉन मिळतात आणि तो तुटून दोन अमाइने तयार होतात. रंग नाहीसा होतो. हे काम एखाद्या खास जीवाणूचे नसते. पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे फ्लेविनासारखे रेणू ते घडवून आणतात. पाण्यात रायबोफ्लेविन किंवा क्विनोन वर्गातील संयुगे अल्प प्रमाणात असली तरी हा वेग वाढतो, कारण ती जीवाणू व रंग यांच्यात मध्यस्थाचे काम करतात. इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी सहज पचणारे खाद्य लागते. कापडप्रक्रियेत ते आयतेच मिळू शकते: सुताला लावलेली स्टार्चची खळ काढताना निघणारे पाणी रंगाईच्या पाण्यात मिसळले की जीवाणूंची सोय होते. उलट टाकीत हवा शिरली किंवा नायट्रेट आले, तर इलेक्ट्रॉन तिकडे वळतात आणि रंग उडण्याचे थांबते.

हाच बंध मानवी शरीरातही तुटतो. गेरहार्ट डोमाक यांनी जंतुसंसर्गावर गुणकारी ठरवलेले प्रॉन्टोसिल हे मुळात एक लाल ॲझो रंजकद्रव्य होते. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवले की, शरीरात त्याचा ॲझो बंध तुटून सुटणारे बिनरंगाचे सल्फानिलामाइड हेच खरे औषध आहे. आतड्यातील अवायुजीवी जीवाणूही हे काम करतात. तुटलेला तुकडा येथे उपकारक ठरला. रंगाईच्या सांडपाण्यात नेहमी तसे होत नाही.

ॲरोमॅटिक अमाइनांपैकी काही प्रखर विषारी आहेत. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगकारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे नोंदवले होते. बेंझिडीन व २-नॅफ्थिलअमाइन ही त्या वर्गातील कर्करोगकारक संयुगे पुढे निश्चित झाली. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार जे ॲझो रंग तुटून ठरावीक घातक अमाइने देतात त्यांच्या कपड्यांतील वापरावर बंदी घातली. भारतातही बेंझिडीनवर आधारित रंगांना मनाई आहे. बंदीबाहेरच्या रंगांपासून होणारी अमाइने सरसकट कर्करोगकारक नसली, तरी त्यांतील अनेक जलचरांना अपायकारक असतात. अवायुजीवी परिस्थितीत ती बहुधा साचून राहतात.

म्हणून दुसरा टप्पा अनिवार्य ठरतो. हवा मिळाल्यावर वायुजीवी जीवाणू अमाइनाचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात वेगळा करतात, वलयाचे कॅटेचॉलात रूपांतर करतात, ते फोडतात आणि कार्बनाचे अखेर कार्बन डाय-ऑक्साइड होते. साध्या ॲनिलिनाबाबत हे लवकर घडते. सल्फोनेट गट असलेल्या अमाइनांसाठी मात्र विशिष्ट जीवाणू लागतात आणि ते प्रत्येक संयंत्रात असतीलच असे नाही. आणखी एक अडचण अशी की, शेजारी हायड्रॉक्सी गट असलेली काही अमाइने हवेशी आपोआप संयोग पावून पुन्हा रंगीत संयुगे बनवतात. अवायुजीवी टाकीतून फिकट निघालेले पाणी वायुजीवी टाकीत तपकिरी झालेले दिसते, ते बऱ्याचदा यामुळे.

आसवन्यांचे सांडपाणी

महाराष्ट्र, उत्तर प्रदेश व कर्नाटक या ऊस पिकवणाऱ्या राज्यांत मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवन्या पुष्कळ आहेत. एक लिटर अल्कोहोलामागे साधारणतः ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. उद्योगात त्याला स्पेंट वॉश म्हणतात. ते आम्लधर्मी व ऊर्ध्वपातन स्तंभातून निघताना कढत असते. त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, दर लिटरला ४०,००० ते ६०,००० मिलिग्रॅम इतकी भरते. घरगुती सांडपाण्यात हा आकडा काही शेकड्यांत असतो. एवढ्या तीव्र पाण्याला थेट हवा देणे आर्थिकदृष्ट्या अशक्यप्राय असल्यामुळे येथे अवायुजीवी टप्पा आधी येणे ओघानेच आले. त्याला बायोमिथेनेशन म्हणतात. त्यात बीओडी ८० ते ९० टक्क्यांनी कमी होते आणि मिळणारा वायू बॉयलरमध्ये जाळून आसवनीची इंधनाची गरज बरीच भागते.

यातील उरलेला दहा टक्के भागही हजारो मिलिग्रॅमच्या घरात असतो. भूपृष्ठावरील पाण्यात सोडण्यासाठीची मर्यादा मात्र दर लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. त्यानंतरच्या वायुजीवी टप्प्याने बीओडी आणखी खाली येते. रंग मात्र जात नाही. हा रंग साखर व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून बनलेल्या मेलॅनॉयडिनांचा असतो. पाव भाजताना कवचाला येणारा तांबूस रंगही याच जातीचा. मेलॅनॉयडिनांचे मोठे, गुंतागुंतीचे रेणू दोन्ही प्रकारच्या जीवाणूंना दाद देत नाहीत. ॲझो रंगांत एक ठरावीक बंध तोडून काम भागते, तसा एकच दुबळा दुवा येथे नाही. असे काळपट पाणी नदीत मिसळल्यास प्रकाश खोल जात नाही आणि पाण्यातील वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. त्यामुळे भारतातील आसवन्यांना सांडपाणी बाहेर न सोडण्याचे धोरण लागू झाले. त्यासाठी बायोमिथेनेशननंतर बाष्पीभवनाने पाणी आटवणे, कारखान्याच्या प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट खत करणे किंवा आटवलेला द्रव बॉयलरमध्ये जाळणे हे मार्ग वापरले जातात. दुसरा जैविक टप्पा येथे काहीसा मागे पडला आहे.

चर्मोद्योग

गंगा कृती योजनेअंतर्गत नेदरलँड्सच्या सहकार्याने कानपूरजवळील जाजमऊ येथे रोज ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे यूएएसबी संयंत्र उभारण्यात आले. तेथे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचे पाणी एकास तीन या प्रमाणात घरगुती सांडपाण्यात मिसळण्याची योजना होती. चर्मोद्योगाच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. सल्फेट-क्षपणक जीवाणू मिथेनजनकांचे खाद्य पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू विषारी आहेच, शिवाय तो काँक्रीट व लोखंड कुरतडतो. त्यावर वायुजीवी टप्प्यात सल्फाइडाचे ऑक्सिडीकरण करणे हा उपाय असतो. क्रोमियम हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. ते केवळ गाळात जाऊन बसते आणि गाळ खत म्हणून निरुपयोगी करते. ते कारखान्यातच वेगळे काढणे हाच खरा उपाय आहे.

क्लोरीनयुक्त संयुगे

ड्रायक्लीनिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या टेट्राक्लोरोएथिलिनाचे भूजलात पायरीपायरीने क्षपण होते. प्रत्येक पायरीवर एक क्लोरीन निघून जातो आणि अखेरच्या पायरीच्या अलीकडे व्हिनिल क्लोराइड तयार होते. ते मानवात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे. म्हणजे प्रक्रिया मध्येच अडली तर मूळ प्रदूषकापेक्षा अधिक घातक पदार्थ हाती राहतो. एथिलीनपर्यंतची संपूर्ण वाटचाल करणारा जीवाणू अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये वेगळा केला. तो आज डिहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी या नावाने ओळखला जातो. तो नसेल तेथे वायुजीवी जीवाणू उपयोगी पडतात, कारण व्हिनिल क्लोराइडावर एकच क्लोरीन उरलेला असल्याने ते ऑक्सिजनाच्या सान्निध्यात सहज खाल्ले जाते.

पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिलांच्या बाबतीत अशीच कामाची वाटणी न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीत आढळली. विद्युत उपकरणांच्या कारखान्यांतून १९७७ पर्यंत नदीत गेलेल्या या संयुगांतील क्लोरीन तळगाळातील अवायुजीवी जीवाणूंनी अंशतः काढल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. कमी क्लोरीन उरलेली संयुगे वायुजीवी जीवाणूंना पचतात. परंतु खोल गाळापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नसल्यामुळे दुसरा टप्पा तेथे आपणहून घडत नव्हता. अखेर २००९ ते २०१५ या काळात नदीचा तळ उपसून गाळ काढावा लागला.

संयंत्राची रचना व चालवणूक

दोन स्वतंत्र टाक्या ही सर्वांत प्रचलित रचना होय. एकाच टाकीत काही तास हवा बंद व काही तास चालू ठेवूनही दोन्ही परिस्थिती आळीपाळीने निर्माण करता येतात. तिसरा प्रकार जीवाणूंच्या थराचा आहे. ऑक्सिजन अशा थरात मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा खोल शिरत नाही, त्यामुळे जाड थराच्या पृष्ठभागावर वायुजीवी व पोटात अवायुजीवी जीवाणू एकाच वेळी नांदतात. कृत्रिम पाणथळ जागांमध्येही मुळांभोवती असेच घडते.

नवे अवायुजीवी संयंत्र पूर्ण क्षमतेने चालू होण्यास काही महिने लागतात. भारतात विरजण म्हणून शेणकाला किंवा चालू संयंत्रातील गाळ घालतात. सामू उदासीन बिंदूच्या आसपास आणि तापमान ३० ते ३८ अंश सेल्सिअस असावे लागते. थंड देशांत टाकी तापवण्यावर खर्च होतो, तो भारताच्या बहुतेक भागांत वाचतो. भार एकदम वाढवल्यास आम्ले तयार होण्याचा वेग मिथेननिर्मितीच्या पुढे जातो, सामू उतरतो आणि टाकी आंबून बंद पडते. आठवड्याची सुट्टी, रंगांची अदलाबदल व हंगामी उत्पादन यांमुळे कारखान्याचे सांडपाणी रोज वेगळे असते, म्हणून आधी समतोलन टाकी बांधून पाण्याचे गुणधर्म सारखे करून घेतात.

मर्यादा आणि मोजमाप

जैविक प्रक्रियेने विरघळलेले क्षार जात नाहीत. रंगाईत मीठ किंवा सोडियम सल्फेट मोठ्या प्रमाणात वापरतात आणि ते दोन्ही टाक्यांतून जसेच्या तसे बाहेर पडते. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदीच्या खोऱ्यातील शेतीचे झालेले नुकसान प्रामुख्याने क्षारांचे होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०११ मध्ये तेथील रंगाई कारखाने बंद करण्यात आले. त्यानंतर जैविक टप्प्यांपुढे व्यस्त परासरण व बाष्पीभवन जोडून पाणी व मीठ परत मिळवण्याची व्यवस्था अपरिहार्य झाली. जे रंग किंवा अमाइने जीवाणूंना पचत नाहीत त्यांच्यासाठी ओझोन किंवा लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा वापर करतात. तो महाग असल्याने शक्यतो जैविक टप्प्यांनंतर उरलेल्या अल्प भारासाठीच केला जातो.

प्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे ठरवण्याचे निकषही फसवे असू शकतात. रंग मोजला तर अवायुजीवी टप्प्यानंतरच काम झाल्यासारखे वाटते. भारतात बीओडी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवसांत, तर इतर अनेक देशांत २० अंशांना पाच दिवसांत मोजतात. या चाचणीत जीवाणूच ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे नमुन्यातील विषारी अमाइनांनी तेच मंदावले तर आकडा कमी येतो आणि वाईट पाणी चांगले भासते. सीओडी त्यापेक्षा भरवशाची असली, तरी उरलेले द्रव्य निरुपद्रवी आहे की घातक हे तीतून कळत नाही. यासाठी विशिष्ट अमाइनांचे रासायनिक पृथक्करण आणि सजीवांवरील चाचणी यांची जोड दिली जाते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार, कोणतीही भर न घातलेल्या प्रक्रियाकृत सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहणे अपेक्षित आहे.